मांडवीच्या काठाने सायकलवर



आज मी तुम्हांला एका प्रवासाची माहिती सांगणार आहे. हा प्रवास सायकलवरून करायचा आहे. वाट नदीच्या काठाची आहे, आणि नदी आहे गोव्याची मांडवी.

आता तुम्ही म्हणाल, "मास्तर, सायकलचं काय नवल? आम्ही तिच्यावर दळण नेतो, दूध नेतो, पोराला शाळेत सोडतो." खरे आहे. सायकल हे आपल्या कष्टाचे वाहन आहे. पण त्याच सायकलवरून देशही पाहता येतो, हे आपण विसरतो. देश पाहणे हे पैसेवाल्यांचे काम, अशी आपली समजूत झाली आहे. मोटारीतला माणूस पुष्कळ लांब जातो, पण वाटेतले गाव त्याला दिसत नाही. पायी जाणाऱ्याला गाव दिसते, पण तो लवकर दमतो. सायकलवाला तासाला दहा-बारा किलोमीटर जातो, आणि मनात आले की पाय टेकून उभा राहतो. शेतातल्या माणसाला हाक मारतो. दोन शब्द बोलतो. पेट्रोलचा खर्च नाही, की गाडीच्या वेळेची घाई नाही.

मग मांडवीचीच वाट का? त्याला तीन कारणे आहेत. पहिले, खाडीकाठचा हा रस्ता बहुतेक सपाट आहे. चढ थोडे. साठी ओलांडलेल्या माणसालाही तो झेपतो. मी तो केलेला आहे. दुसरे, मध्ये मध्ये फेरीबोट लागते. सायकल बोटीत घालून पलीकडे जाता येते. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. या वाटेवर खारे पाणी आणि भातशेती शेजारी शेजारी दिसतात. मध्ये असतो एक बांध. आपल्यापैकी पुष्कळांची शेते खाडीकाठी आहेत. तेव्हा ही नुसती सहलीची गोष्ट नाही. ती आपल्या पोटाची गोष्ट आहे.

प्रथम खाडी म्हणजे काय ते पाहू.

मांडवी नदी कर्नाटकात उगम पावते. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, सह्याद्रीच्या रानात. तिथे तिला म्हादई म्हणतात. घाट उतरून ती गोव्यात येते आणि पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते. डोंगरातून येणारे पाणी गोडे. समुद्राचे पाणी खारे. भरती आली की खारे पाणी नदीत शिरते आणि कित्येक मैल आत जाते. ओहोटी लागली की परत फिरते. जिथे गोडे आणि खारे असे रोज एकमेकांत मिसळते, त्या भागाला आपण खाडी म्हणतो. पावसाळ्यात डोंगराच्या पाण्याचा जोर असतो, म्हणून खारे पाणी फार आत येत नाही. उन्हाळ्यात तो जोर सरतो आणि खारे पाणी दूरवर पोहोचते.

भरती दिवसातून दोनदा येते, हे तुम्हांला सांगायला नको. मोठ्या भरतीला इथले पाणी सुमारे दोन मीटर वर चढते, म्हणजे उंच माणसाच्या डोक्याइतके. भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण तास पुढे जाते. आपले दर्यावर्दी लोक ती वेळ कशी काढतात, माहीत आहे ना? तिथीची पाऊणपट करायची. आज अष्टमी असली, तर आठाची पाऊणपट सहा. सहाच्या सुमाराला भरती. पौर्णिमा किंवा अमावास्या असली, तर पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकराच्या सुमाराला भरती. हा अंदाज आहे. थोडे पुढेमागे होते. पण तो चांगला उपयोगी पडतो. आपल्या वर्गात परवा पाढे चालले होते, तेव्हा कोणीतरी विचारले होते, "या वयात पाढे कशाला?" तर खाडीवर जाणाऱ्याला पाऊणकीचा पाढा असा कामाला येतो.

आता निघू.

पहाटे सहाला निघावे. ऋतू नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा बरा. ऊन मऊ असते आणि पाऊस नसतो. पहाटे निघण्याचे आणखी एक कारण आहे. दुपारी समुद्रावरून वारा सुटतो. तो पश्चिमेकडून येतो. आपण जाताना पूर्वेकडे जाणार, आणि येताना पश्चिमेकडे. दुपार करून परत निघालात, तर तो वारा सगळा तोंडावर येईल. सायकलवाल्याला समोरचा वारा म्हणजे न दिसणारा चढ. म्हणून पहाटे निघावे आणि दुपारी वारा वाढण्याच्या आत परत फिरावे.

सुरुवात मिरामारच्या किनाऱ्यावर करावी. इथे नदी समुद्राला मिळते. समोर पलीकडच्या तीरावर आग्वादचा किल्ला दिसतो. तो पोर्तुगीजांनी १६१२ साली बांधला. नदीच्या तोंडावर पहारा ठेवावा, हा त्यांचा हेतू होता. इथून पाण्याच्या कडेकडेने पणजी शहरात यायचे. डाव्या हाताला नदी, उजव्या हाताला शहर. वाटेत जुने सचिवालय लागते. मुळात तो आदिलशहाचा वाडा होता. पुढे नदीवरचे मोठमोठे पूल डोक्यावर दिसतात. त्यांतला सर्वांत उंच तो अटल सेतू. तो २०१९ साली सुरू झाला. या जागेवरचा पहिला पूल १९७० साली झाला होता. तो जुलै १९८६ मध्ये कोसळला. तेव्हा सगळ्या लोकांची भिस्त पुन्हा होड्यांवर आणि फेरीबोटींवर आली होती.

पुलांच्या खालून पुढे गेले की एक लांब, सरळ रस्ता लागतो. तो पणजीहून रायबंदरला जातो. याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. हा रस्ता साध्या जमिनीवर नाही. तो दलदलीवर बांधलेला दगडी बांध आहे. लांबी सुमारे तीन किलोमीटर. लिन्यारिसचा काउंट नावाचा पोर्तुगीज व्हाइसरॉय होता. त्याच्या अमदानीत, १६३३-३४ च्या सुमारास, तो बांधला गेला. जांभा दगड आणि चुना यांचे काम. आज त्याला चारशे वर्षे होत आली. त्या वेळी त्यावरून पालख्या आणि बैलगाड्या जात असतील. आज त्यावरून मोटारी जातात, आणि बांध उभा आहे. त्यात ठिकठिकाणी कमानी ठेवलेल्या आहेत. का ठेवल्या? पाण्याला वाट हवी म्हणून. पाण्याला पुरते अडवले, तर ते बांध फोडते. त्याला जायची जागा दिली, तर बांध टिकतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे ती पुन्हा येणार आहे.

या रस्त्यावर मोटारींची वर्दळ असते. डाव्या कडेने, एकामागे एक असे जावे. दोघांनी शेजारी शेजारी गप्पा मारत जाऊ नये. डाव्या हाताला मांडवी आहे. उजव्या हाताला सखल जमीन आहे. तिथे मिठागरे होती. आता पुष्कळ ठिकाणी तिवरे वाढली आहेत.

पुढे रायबंदर. जुने गाव आहे. नदीकडे तोंड करून बसलेली जुनी घरे आहेत. इथल्या धक्क्यावरून चोडण बेटाला बोट जाते. ज्याला वेळ आहे, त्याने चोडणला जाऊन यावे. बेटाच्या पश्चिम टोकाला पक्ष्यांचे अभयारण्य आहे. पक्ष्यांचे मोठे अभ्यासक डॉ. सलीम अली यांचे नाव त्याला दिले आहे. १९८८ साली ते जाहीर झाले. फार मोठे नाही. दोन चौरस किलोमीटरही भरणार नाही. पण त्यात तिवरांचे दाट रान आहे.

तिवर आणि कांदळ ही झाडे आपल्या ओळखीची आहेत. पण आपण त्यांच्याकडे सरपण म्हणूनच पाहत आलो. सायकल बाजूला लावून ती नीट पाहा. तिवराच्या बुंध्याभोवती चिखलातून बोटाएवढी मुळे वर आलेली दिसतात. ती झाडाची नाके समजा. चिखलात हवा नसते, म्हणून झाड मुळे वर काढून श्वास घेते. याच मुळांत माशांची आणि कोळंबीची पिल्ले लपतात आणि वाढतात. निवट्या चिखलावर उड्या मारताना दिसतील. खंड्या फांदीवर टपून बसलेला दिसेल. तिवराची रांग लाटेचा जोर मोडते. म्हणून बांधाच्या बाहेर तिवर असला, तर तो बांधाचा राखणदार आहे. तो तोडू नये. कायद्यानेही त्याला बंदी आहे.

पण हाच तिवर बांधाच्या आत, भाताच्या खाचरात उगवलेला दिसला, तर काय समजावे? तर समजावे की बांध फुटला आहे, खारे पाणी आत येते आहे, आणि शेत गेले आहे. बाहेर असेल तर राखणदार, आत असेल तर धोक्याची खूण. मंडळी, आपण पुस्तकातली अक्षरे वाचायला शिकलो. तशी जमिनीवरही अक्षरे असतात. तिवर हे त्यांतले एक अक्षर आहे.

रायबंदरहून पुढे गेले की जुने गोवे येते. पणजीपासून हे अंतर नऊ-दहा किलोमीटर आहे. इथे मोठमोठी चर्चे आहेत. बॉम जेझुस नावाच्या चर्चमध्ये संत फ्रान्सिस झेवियर यांचे शव ठेवलेले आहे. जगभरातून लोक ते पाहायला येतात. १९८६ साली या चर्चांची गणना जागतिक वारशात झाली. पोर्तुगीजांनी १५१० साली हे शहर घेतले आणि आपली राजधानी केली. त्या काळी हे भरभराटीचे शहर होते. व्यापार मोठा, वस्ती दाट.

मग आज इथे वस्ती का नाही? चर्चे आहेत, पण शहर कुठे गेले?

शहर रोगराईने उठले. पटकी आणि हिवताप यांच्या साथी पुन्हा पुन्हा आल्या. घाण पाणी जमिनीत मुरून विहिरींत उतरत होते, आणि तेच पाणी लोक पीत होते. माणसे मेली. उरली ती गाव सोडून गेली. अखेर १८४३ साली पणजी ही रीतसर राजधानी झाली. तटबंदी होती, तोफा होत्या, सोने होते. पण पिण्याचे पाणी आणि सांडपाणी यांना वेगळे ठेवणे जमले नाही. जुने गोवे पाहताना चर्चे पाहावी, नमस्कार करावा, आणि आपल्या गावच्या विहिरीभोवतीचे डबकेही आठवावे.

जुन्या गोव्यातून नदीकडे उतरताना एक दगडी कमान लागते. तिला व्हाइसरॉयची कमान म्हणतात. नवा व्हाइसरॉय आला की याच कमानीतून शहरात शिरत असे. आज तिच्याखालून आपण सायकल घेऊन जातो. पलीकडे फेरीबोटीचा धक्का आहे. इथून दिवाडी बेटाला जायचे.

बोटीत चढताना चार गोष्टी पाळाव्या. धक्क्याच्या उतारावर शेवाळ असते. म्हणून सायकलवरून उतरावे आणि ती हाताने धरून चालावे. उतरणारी माणसे आधी उतरू द्यावी. बोटीत सायकल कठड्याला टेकवून ब्रेक दाबून धरावा. लहान मूल बरोबर असेल, तर त्याचा हात सोडू नये. बोटीच्या वेळा फलकावर लिहिलेल्या असतात. त्या वाचाव्या. आता तुम्हांला त्या वाचता येतात. नाहीतर परतीची बोट चुकते, आणि धक्क्यावर बसून राहावे लागते.

दिवाडी बेटावर पाय ठेवला की आवाज बंद होतो. मोटारी थोड्या. रस्ता सरळ, आणि दोन्ही बाजूंना सखल शेते. हीच ती खाजणे. गोव्यात खाजण म्हणतात, आपल्याकडे कुठे खार म्हणतात, कुठे खाजणच म्हणतात. गोव्यात मिळून सुमारे अठरा हजार हेक्टर खाजण जमीन आहे, असे सांगतात. ही जमीन मोठ्या भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहे. म्हणजे बांध नसता, तर इथे भात पिकले नसते. इथे भरतीचे पाणी खेळले असते.

इथे थांबून बांध नीट पाहावा. बाहेरून जांभा दगड, आतून चिकण माती, तिच्यात पेंढा आणि फांद्या घालून केलेली घट्ट बांधणी. यंत्र नव्हते, सिमेंट नव्हते. पिढ्यान् पिढ्या लोकांनी टोपल्यांनी माती वाहिली.

बांधात एक दार असते. गोव्यात त्याला मानस म्हणतात. आपल्याकडे उघाडी म्हणतात. त्याची करामत पाहा. लाकडी झडपा अशा बसवलेल्या असतात की भरती आली, बाहेरचे पाणी चढले, की त्या पाण्याच्याच रेट्याने झडपा मिटतात. खारे पाणी आत येत नाही. ओहोटी लागली, बाहेरचे पाणी उतरले, की आतले पाणी झडपांना ढकलते, आणि त्या उघडतात. शेतातले जादा पाणी निघून जाते. वीज नको, पंप नको, रात्री उठून दार लावणारा माणूस नको. चंद्र भरती आणतो, भरती दार लावते. मघाशी आपण बांधरस्त्याच्या कमानी पाहिल्या. तिथे जी अक्कल, तीच इथे. पाण्याला पुरते अडवायचे नाही. वेळ पाहून वाट द्यायची.

पावसाळ्यात या खाजणांत भात होते. पावसाचे गोडे पाणी मातीतले मीठ धुऊन काढते. कोरगूट नावाचे इथले जुने भात आहे. ते थोडे मीठ सोसते. भात कापल्यावर काही ठिकाणी थोडे खारे पाणी आत घेतात आणि मासळी, कोळंबी वाढवतात. ओहोटीच्या वेळी मानशीला जाळे लावले की बाहेर जाणारी मासळी त्यात सापडते. या मासळीच्या हक्काचा लिलाव होतो. त्याला पावणी म्हणतात. एकाच जमिनीतून भातही आणि मासळीही. जुन्या लोकांनी हे सगळे हिशेबाने बसवले होते.

हे सगळे सांभाळत कोण होते? गाव सांभाळत होते. गोव्यात गावकरी नावाची जुनी पद्धत होती. गावची जमीन गावकऱ्यांच्या मंडळाची. बांध कधी दुरुस्त करायचा, कोणी किती राबायचे, मानशीचा पैसा कशाला लावायचा, हे मंडळ ठरवीत असे. पोर्तुगीज आले, तेव्हा ही पद्धत आधीपासून चालू होती. १५२६ साली त्यांनी तिचे रिवाज लिहून काढले. म्हणजे लिहिले त्यांनी, पण रिवाज आपल्या लोकांचे.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६४ साली कूळकायदा झाला. कसणाऱ्याला संरक्षण मिळाले, ही न्यायाची गोष्ट झाली. बांध राखण्याचे काम पुढे कुळांच्या संघटनांकडे आले. आता जिथे ही संघटना जागी आहे, तिथे बांध उभा आहे. जिथे ती फक्त कागदावर आहे, तिथे काय होते?

ऐका. प्रथम एक खेकडा बांधात बीळ करतो. बीळ बोटाएवढे. शेजारून जाणारा म्हणतो, "माझ्या शेताला लागून नाही." महिन्याने बीळ मनगटाएवढे होते. दुसरा म्हणतो, "सरकार बघेल." मग पौर्णिमेची मोठी भरती येते. नदीतून खनिज वाहणारे बार्ज जातात, त्यांच्या लाटा आपटतात. एका रात्रीत बिळाची खिंड होते. सकाळी शेतात खारे पाणी. ते शेत पुन्हा गोडे व्हायला एक पावसाळा पुरत नाही. कित्येक पावसाळे जातात. मधल्या काळात भात नाही, आणि घरचा तरुण मजुरीला बाहेर जातो. तिवर आत येतो. मग ती जमीन शेती राहिली नाही, असे कोणीतरी म्हणू लागतो, आणि तिचा सौदा होतो.

काही ठिकाणी तर बांध मुद्दाम फोडतात. मासळीवाल्याला खारे पाणी आत हवे असते, शेतकऱ्याला बाहेर. मासळीत पैसा लवकर दिसतो. मानस जास्त वेळ उघडी राहते, आणि शेजारच्याचे भात जळते. भरतीला माणूस माणूस कळत नाही. एकाने दार उघडले, तरी पाणी सगळ्यांच्या शेतात जाते. म्हणून बांधाचा कारभार एकट्याचा असूच शकत नाही.

हे सगळे पाहून पुढे चलावे. बेटाच्या मध्यावर टेकडी आहे, तिच्यावर पिएदाद गाव आणि चर्च आहे. या वाटेवरचा हा एकच चढ. दम लागला, तर उतरून चालावे; त्यात कमीपणा नाही. वरून मांडवीचे दोन फाटे, चोडण बेट, खाजणांचे चौकोन आणि लांब जुन्या गोव्याचे मनोरे दिसतात. डोळे निवतात. याच बेटावर ऑगस्टच्या शेवटास बोंदेरा नावाचा सण होतो. लोक रंगीत निशाणे घेऊन मिरवतात. पूर्वी दोन वाड्यांत हद्दीचे भांडण होते. हद्द दाखवायला निशाणे लावत, आणि दुसरी बाजू ती पाडत असे. त्या भांडणाचा पुढे सण झाला, असे सांगतात. भांडण मिटवण्याचा हाही एक मार्ग बरा.

टेकडी उतरून बेटाच्या दुसऱ्या टोकाला गेले की पुन्हा धक्का लागतो. फेरीबोटीने पलीकडे नार्वे गावी जायचे. हा डिचोली तालुका. इथे श्री सप्तकोटेश्वराचे देऊळ आहे, आणि तिथेच आपल्या वाटेचा शेवट आहे.

या देवाचे मूळ देऊळ दिवाडी बेटावर होते. गोव्याच्या कदंब राजांचा तो देव. ते देऊळ मोडले गेले, पुन्हा उभे राहिले, आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी पुन्हा पाडले. तेव्हा भाविकांनी लिंग नदीपार आणले. म्हणजे आपण ज्या पाण्यावरून बोटीने आलो, तेच पाणी ओलांडून देव आला. पुढे शिवाजी महाराज या भागात आले आणि त्यांनी १६६८ साली इथे देऊळ बांधण्याची आज्ञा दिली. दारावर तसा शिलालेख आहे. तो जरूर वाचावा. महाराजांच्या काळचे शब्द आपण स्वतः वाचतो, यासारखा आनंद नाही. अलीकडे गोवा सरकारने देवळाची दुरुस्ती केली. २०२३ साली ते पुन्हा खुले झाले.

देवळाच्या सावलीत भाकरी खावी, पाणी प्यावे आणि उन्हाआधी परत फिरावे. मिरामारपासून नार्व्यापर्यंत एका बाजूने वीस किलोमीटरच्या आसपास वाट होते. एक सकाळ पुरते.

आता सायकलविषयी थोडे. निघण्यापूर्वी दोन्ही ब्रेक पाहावे. हवा भरावी. साखळीला तेल द्यावे. बरोबर पंक्चरचे सामान, हवेचा पंप, एक पाना आणि पिण्याचे पाणी असावे. खाडीकाठचे पाणी खारे. तहान लागली तर नदी भागवणार नाही. घरी परतल्यावर सायकल गोड्या पाण्याने पुसून साखळीला पुन्हा तेल द्यावे. खारी हवा लोखंड खाते. बांध ओला असेल, तर त्यावर सायकल घालू नये. चाकाच्या चाकोरीतून पाणी मुरते आणि बांध खचतो. आपण पाहुणे आहोत. पाहुण्याने घर मोडू नये. कागद, पिशव्या, बाटल्या बरोबर आणल्या, तशा बरोबर न्याव्या.

भगिनींनाही सांगतो. ही वाट तुमचीही आहे. चार जणी मिळून जा. ज्या बाईला सायकल येते, तिला बाजार, दवाखाना आणि माहेर यांसाठी कोणाची वाट पाहावी लागत नाही.

शेवटी एक विनंती. प्रत्येकाला गोव्याला जाणे जमेल असे नाही. पण खाडी आपल्याकडेही आहे. सावित्रीच्या तोंडाशी वेशवीहून बागमांडल्याला बोट जाते. वाशिष्ठीच्या तोंडाशी दाभोळहून धोपाव्याला बोट जाते. आपल्या गावालाही खारबंदिस्ती आहे. महाराष्ट्रात खारभूमी विकासाचा कायदा १९७९ साली झाला. पण कायद्याला डोळे नसतात. बांधावरचे बीळ कायद्याला दिसत नाही. ते आपल्यालाच पाहावे लागते.

तेव्हा असे करा. येत्या रविवारी सायकल काढा. आपल्या गावच्या बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जा. माती कोरडी असेल तिथे सायकलवर, नसेल तिथे पायी. उघाडीच्या झडपा नीट मिटतात का पाहा. बीळ दिसले, माती ढासळलेली दिसली, आत तिवराचे रोप दिसले, तर वहीत लिहा. कोणत्या जागी, किती मोठे, कोणत्या तारखेला. आता तुम्हांला लिहिता येते. ती वही ग्रामसभेत वाचून दाखवा. तोंडी बोललेले वाऱ्यावर जाते. लिहिलेल्याला उत्तर द्यावे लागते. पावसाळ्याआधी दोन दिवस प्रत्येक घरातून एक माणूस आणि एक टोपली निघाली, तर मोठ्या भरतीची भीती बाळगायला नको.

सायकल दोन चाकांवर तोल धरून चालते. चालती ठेवली, तर ती पडत नाही. बांधाचेही तसेच आहे. काम चालू ठेवले, तर तो उभा राहतो.

 पुढच्या आठवड्यात ज्यांनी ज्यांनी बांध पाहिला, त्यांच्या वह्या आपण वर्गात वाचू.

नमस्कार.